बागेला की बेटाला?

मे महिना लागला की तासगाव तालुक्यात दोन फेऱ्या सुरू होतात. एक टँकरची, दुसरी थायलंडची. टँकर पूर्व भागात जातो, विमान आणखी पूर्वेला. टँकर कधी येणार हे सरपंचालाही ठाऊक नसतं. थायलंडचं वेळापत्रक मात्र अख्ख्या गावाला पाठ, कारण ते व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लागतं. साडेसातला हॉटेलची लॉबी. साडेआठला धक्का. साडेनऊला निळंशार पाणी, आणि त्या पाण्यापुढं नारिंगी लाइफ जॅकेट घालून, गॉगल लावून, दोन बोटं वर करून उभे राहिलेले आमचे अण्णा.

अण्णांचं कृषी सेवा केंद्र आहे. गावाचं नाव सांगत नाही. प्रत्येक गावात एक अण्णा आहेत आणि प्रत्येकाला हे आपल्यावरच लिहिलंय असं वाटणार. वाटू द्या.

"कुठायसा अण्णा?" म्हणून फोन केला तर उत्तर येतं, "कोरलला." कवठेएकंदच्या पुढचा फाटा असावा अशा थाटात. हे कोरल म्हणजे पट्टायाच्या बाली हाय धक्क्यापासून सातेक किलोमीटरवरचं कोह लान बेट. थायलंडला गेलेल्या मराठी माणसाची ही पहिली यत्ता. ती पास झाली की दुसरी यत्ता फुकेत आणि फी फी. तिसरीत कोण जातं ते आमच्या गावात अजून कुणाला कळलेलं नाही, कारण त्या स्टेटसला घरच्यांना 'हाइड' केलेलं असतं.

तर अण्णांनी हे तिकीट काढलेलं नाही. ते शेतीऔषधांच्या कंपनीनं काढलं. कंपनीचा हिशोब सरळ असतो. हंगामात इतका माल उचलला तर गोवा. त्याच्या वर उचलला तर थायलंड. जोडीनं जायचं असेल तर आणखी चार पेट्या. त्याच्याही वर गेलात तर दुबई. आणि अगदीच कमी पडलात तर तारकर्ली, म्हणजे गगनबावड्याचा घाट उतरून देवबागच्या त्सुनामी आयलंडवर बनाना राइड, वर सोलकढी. ह्या सगळ्याला स्कीम म्हणतात. स्कीमचा कागद काउंटरच्या आतल्या अंगाला चिकटवलेला असतो. गिऱ्हाइकाच्या बाजूला लक्ष्मीची तसबीर.

आता एवढा माल उचलला म्हणजे तो कुठंतरी जायला हवा. अण्णा काही तो स्वतःच्या दारातल्या तुळशीवर मारत नाहीत. तो जातो द्राक्षाच्या बागेवर. ऑक्टोबर छाटणी झाली की पोंग्यापासून डावणीची धास्ती. मग उडद्या, थ्रिप्स. मग करपा. मग घडांची जीएमध्ये बुडवणी. शेवटी भुरी, मिलीबग. पाऊस झाला की फवारणी. पाऊस होणार असं मोबाइलनं सांगितलं की फवारणी. सांगून झाला नाही, तर कोरड्या हवेत भुरी येते म्हणून फवारणी.

आधीच सांगतो, डावणी खोटी नाही. २०१९ च्या परतीच्या पावसानं आठ-आठ दिवसांत फुलोऱ्यातल्या बागा झोपवल्या, हे ह्या तालुक्यानं डोळ्यांनी बघितलंय. "औषधाविना द्राक्ष पिकवा" असा उपदेश करणाऱ्यानं एकदा नोव्हेंबरातल्या ढगाळ आठवड्यात सावळजला मुक्काम करावा. आमचं भांडण औषधाशी नाही. भांडण त्या जोडीनं जायच्या चार पेट्यांशी आहे.

त्या चार पेट्यांत सहसा टॉनिक असतं. अमिनो, ह्युमिक, सिलिकॉन आणि सर्वांचं लाडकं सीवीड. म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क. "घडाला लकाकी येती बघा." आली लकाकी तर औषधाची, नाही आली तर पाण्याच्या पीएचची चूक. ह्या असल्या जैव-उत्तेजकांना केंद्र सरकारनं २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आणलं. तोवर बाटलीत नेमकं काय आहे हे बाटलीला आणि देवालाच ठाऊक. वर्षभर सीवीड विकून अण्णा समुद्रावर गेले. तिथं पाण्यात पायाला खरं सीवीड लागलं, तर "साप, साप" म्हणून ओरडले असं त्यांच्याच पार्टीतल्या एकानं येऊन सांगितलं.

एकदा ह्या सहलीला मीही गेलोय. कंपनीची मेहरबानी नव्हे. एका दुकानदाराच्या घरच्या मंडळींनी विमानात बसायला साफ नकार दिला आणि जोडीची सीट वाया चालली होती. त्याचे पैसे मी त्याला मोजून दिले. हे सांगून ठेवतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात संपादकांना पत्र येईल.

फुकेतपासून फी फी बेटं साधारण पन्नास किलोमीटर. मागं इंजिनांची रांग लावलेली स्पीडबोट तासाभरात पोचवते. धक्क्यावर प्रत्येकाच्या छातीवर रंगीत स्टिकर चिकटवतात, म्हणजे कळप चुकत नाही. बोटीत चढताना चपला काढायच्या आणि एकाच मोठ्या टोपलीत टाकायच्या. आमच्या पार्टीनं पाच दिवसांत एवढ्या काळजीनं कशाकडंच पाहिलं नसेल, जेवढं त्या टोपलीकडं पाहिलं. पासपोर्ट कुठं ठेवलाय ह्याचा पत्ता नाही, पण नव्या चपलेवर अर्धं लक्ष. परत येईपर्यंत अनवाणी. मग उलटी होऊ नये म्हणून गोळी. आमच्यातल्या एकानं ती खिशात ठेवली. "नंतर बसमध्ये लागंल."

गाइडला मराठी येत नव्हती, पण "चलो चलो" आणि "जल्दी जल्दी" स्वच्छ येत होतं. भारतीय पर्यटकानं जगाला दिलेलं हे शब्दधन. त्यानं बजावून सांगितलं, ज्यांची पाठ दुखते त्यांनी पुढं बसू नका, बोट आपटते. हे ऐकताच आमचे चार पाठदुखे पुढं जाऊन बसले. फोटो पुढूनच चांगला येतो ना! बंदर सुटलं, बोटीनं नाक वर केलं आणि तिसऱ्या लाटेला "आई गंऽऽ" अशी जी सामुदायिक आरोळी उठली, ती ऐकून गाइडलाही बरं वाटलं असावं. फवारणीच्या ब्लोअरवर वर्षानुवर्षं बसून जे मणके हलले नव्हते, ते अंदमानच्या समुद्रानं दहा मिनिटांत मोजून दिले.

आणि हा समुद्र मे-जूनमध्ये असाच असतो. फुकेतच्या बाजूला तेव्हा पावसाळा लागतो, लाटा चढतात, गर्दी उतरते आणि हॉटेलं स्वस्त होतात. कंपनी आपल्या लोकांना नेमकी तेव्हाच नेते. भाव उतरल्यावर माल उचलावा हे ज्ञान कंपनीला आहे. ते तिनं आम्हाला कधी दिलं नाही एवढंच.

पट्टायाच्या कोरल-सहलीत आणखी एक ठिकाण असतं, ते पाहिल्याशिवाय हा धंदा कळायचा नाही. बोट बेटाकडं न जाता भर समुद्रात एका तरंगत्या फलाटाला लागते. वर पत्रा, खाली फळ्या, चारी बाजूंना पाणी. इथं पॅरासेलिंग. पॅकेजमध्ये फलाट असतो, उडणं नसतं. उडायचे वेगळे पैसे. ज्याला उडायचं नाही त्यानं बाकीचे उडून येईपर्यंत बसायचं. जाणार कुठं? पोहत? पंधरा मिनिटं बघे बघत बसतात. मग एकजण उठतो, "आलोयच तर." मग त्याचा मेहुणा उठतो. शेवटी पावणेदोन एकराचा मालक हवेत लटकलेला असतो आणि खाली एकजण ओरडत असतो, "हात सोड, हात सोड, फोटो काढतोय!" उतरल्यावर फोटोचे पुन्हा वेगळे पैसे. मला त्या फलाटावर बसल्या बसल्या आमचा सौदा आठवला. बेदाण्याचे बॉक्स आणून लावलेत, भाव दुसऱ्यानं करायचा, आणि पसंत नसला तर माल उचलून परत न्यायचं भाडं आपलं.

फी फीतलं मुख्य आकर्षण माया बे. लिओनार्डो डिकॅप्रियोचा 'द बीच' २००० साली आला, त्यात हा किनारा दिसला आणि जग तिथं लोटलं. दिवसाला पाच-पाच हजार माणसं, बोटींचे नांगर पोवळ्यांवर. पोवळी मेली. तेव्हा थायलंड सरकारनं जून २०१८ मध्ये किनाऱ्याला कुलूप लावलं. आधी चार महिने म्हणाले. मग वाढवत वाढवत जानेवारी २०२२ पर्यंत बंद. साडेतीन वर्षं. मधल्या काळात तिथं पोवळी लावली, आणि काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क पाण्यात परत दिसायला लागले. आता बोटीला त्या खाडीत मज्जाव आहे. मागच्या बाजूच्या लोह समाह खाडीत उतरायचं, लाकडी पुलावरून झाडीतून चालत पुढं यायचं, एका वेळी ठरावीकच माणसं. पोहायचं नाही. गुडघाभर पाण्यापर्यंत मुभा, त्यापुढं शिट्टी. दर वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर पूर्ण बंद.

आमची माणसं तिथं पोचली. समुद्राकडं पाठ केली. समुद्र पाठीमागं घेऊन मोबाइलात समुद्र बघितला. वेळ झाली, शिट्टी झाली, परत. एकानं गुडघ्यावर पाणी नेलं म्हणून राखणदार ओरडला, तर हा मला म्हणतो, "काय कडक हाय ओ हितं! आपल्यात असं असतं तर?" मी विचारलं, तुझ्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी किती असतं? तो गप्प. गुडघ्याची अट आपण केव्हाच पाळायला लागलोय.

पण राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. सोन्याची अंडी देणारा किनारा साडेतीन वर्षं बंद ठेवायची छाती एका सरकारला झाली. एप्रिल छाटणीआधी बागेला विश्रांती द्या, असं आमच्याकडंही प्रत्येक चर्चासत्रात सांगतात. त्या चर्चासत्राचा मंडप आणि जेवण औषध कंपनीचं असतं, आणि विश्रांतीच्या काळात कोणतं टॉनिक द्यावं ह्याचा तक्ता जेवणाच्या ताटाबरोबर मिळतो.

दुपारचं जेवण बेटावर. 'इंडियन बफे.' डाळ, जिरा राइस आणि पनीर म्हणवून घेणारा एक पांढरा पदार्थ. चौथ्या मिनिटाला कुणाच्या तरी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी निघाली आणि पुढचं बेट सगळ्यांनी माफ केलं.

परतताना खरेदी. टायगर बाम. पाच डझन. गावात ज्यांना द्यायचे त्यांची यादी असते आणि त्या यादीत सर्वांत वर ते, ज्यांनी जास्त माल उचलला. म्हणजे ज्याच्या पैशांवर अण्णा समुद्र बघून आले, त्याला त्या समुद्राची प्रसादी म्हणून एक डबी. पाठीला लावायला. ती पाठ कशानं दुखते ते विचारू नका.

तासगावच्या माणसानं बेटावर जाऊन काय आणावं ह्याचा एक जुना दाखला आहे. परशुरामभाऊ पटवर्धन. टिपूवरच्या १७९१-९२ च्या मोहिमेत भाऊ सैन्य घेऊन श्रीरंगपट्टणपर्यंत गेले. श्रीरंगपट्टण हेही बेटच, कावेरीतलं. दक्षिणेच्या स्वाऱ्यांत भाऊंनी गोपुरं पाहिली आणि आपल्या गणपतीच्या देवळाला सात मजली गोपुर उभं केलं. देऊळ १७९९ साली पुरं झालं. आज ऋषिपंचमीला रथ ओढताना मान वर केली की तेच दिसतं. भाऊंनी आणलं गोपुर, अण्णांनी आणला बाम. दोन्ही दक्षिणेचंच म्हणा.

तसं बघितलं तर बोटीचा अनुभव आपल्यापेक्षा आपल्या द्राक्षाला जास्त. ह्याच तालुक्यातल्या बोरगावात आर्व्यांच्या बागेत निवडलेली तास-ए-गणेश जात देशभर पसरली. न्हावा-शेव्याहून थंड कंटेनरात बसून द्राक्षं युरोपला जायला लागली त्यालाही आता जमाना झाला. त्यांचा प्रवास तासाभराचा नसतो. आठवडेच्या आठवडे. आणि तिकडं पोचल्यावर त्यांना कुणी "चलो चलो" म्हणत नाही, आधी प्रयोगशाळेत नेतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि बागायतदार रस्त्यावर यायची वेळ आली. वेलीची वाढ रोखायला मारायचं ते संजीवक. गावोगावच्या दुकानांत ते ब्रँडच्या नावानं मिळायचं. सल्ला तोंडी, उधारी वहीवर.

म्हणजे एकाच बाटलीच्या दोन बोटी. एका बोटीतून विकणारा मजेत बेटावर जातो, दुसरीतून पिकवणाऱ्याचा माल तपासणीला जातो. पहिल्या बोटीतली माणसं फोटो घेऊन परत येतात. दुसरीतला माल परत आला तर त्याचा बेदाणा करायचीही सोय नसते.

लाइफ जॅकेटचं मात्र मला मनापासून कौतुक वाटलं. बोट सुटण्याआधी गाइडनं प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. थायलंड काही जन्मतः शहाणा नव्हता. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळच फिनिक्स नावाची बोट वादळात बुडाली आणि ४७ चिनी पर्यटक गेले, त्यानंतर पट्टे आवळले गेले. आपल्याकडंही पट्टा असाच, आधी माणसं मग जॅकेट. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून पर्यटक दगावले. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, डझनाहून जास्त माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून गेटवेवर जॅकेटांचे ढीग दिसायला लागले. आणि आपल्या जिल्ह्यानं तर ह्याची किंमत घरात मोजलीय. ८ ऑगस्ट २०१९. येरळा जिथं कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळला महापुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली होती. १७ जीव गेले. त्यावर तिरकं काही लिहिता येत नाही. तिरकं लिहायचं ते पुढच्या गोष्टीवर.

नारिंगी जॅकेटातला अण्णांचा फोटो पाहिला तेव्हा मला त्यांच्या दुकानातलं एक कपाट आठवलं. त्यात फवारणीचं सुरक्षा किट आहे. मास्क, चष्मा, हातमोजे, ॲप्रन. प्लास्टिकच्या पिशवीत बंद, वर धूळ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा चौकशा झाल्या, किट द्या म्हणून फर्मानं निघाली. तेव्हाचं हे किट असावं. त्यानंतर ते कुणी उघडलेलं दिसत नाही. बागेत फवारणारा गडी अजून तोंडाला टॉवेल बांधतो, आणि दुपारी त्याच टॉवेलनं भाकरीआधी हात पुसतो. तासाभराच्या बोटीसाठी अण्णांना जॅकेट सक्तीचं. रोज सहा-सहा तास औषधाच्या धुक्यात चालणाऱ्याला टॉवेल ऐच्छिक. त्या गड्याचा पट्टा ओढून बघणारा गाइड कुठल्या स्कीममध्ये मिळतो?

सरकारला हे सगळं कळत नाही असं नाही. सरकारला पैसे दिसले की सगळं कळतं. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात १९४आर नावाचं कलम लागू झालं. धंद्यात मिळालेली भेट, सवलत किंवा सहल वर्षाला वीस हजारांच्या वर गेली तर तिच्यावर दहा टक्के कर आधी कापायचा. विक्रेत्यांना घडवलेल्या सहली त्यात स्पष्ट आल्या. म्हणजे अण्णांचं थायलंड ही अण्णांची कमाई आहे हे दिल्लीनं मान्य केलं. आमच्या गावानं अजून मान्य केलेलं नाही. गाव अजून म्हणतं, "कंपनीनं फुकट नेलं, नशीब लागतंय."

मार्च २०२४ मध्ये माणसांच्या औषधांच्या कंपन्यांसाठी एक संहिता निघाली. डॉक्टरांना सहलींवर न्यायचं नाही, देशात नाही की परदेशात नाही; भाषणाला बोलावलेला डॉक्टर तेवढा सुटला. कारण उघड आहे. ज्याच्या लेखणीवर आपल्या औषधाचा खप, त्याला सहल घडवली तर चिठ्ठीत एक गोळी वाढते. आता सांगा, द्राक्षाला चिठ्ठी कोण लिहितं? तासगावात पानावर ठिपका दिसला की माणूस पान खिशात घालून दुकानात येतो. पान बघायचं कामही अण्णांचं, औषध सांगायचंही अण्णांचं, विकायचंही अण्णांचं. माणसाच्या डॉक्टरानं स्वतःचंच मेडिकल टाकलं तर आपण कुरकुरतो. द्राक्षाचा डॉक्टर मात्र मेडिकलातच जन्मला, आणि त्याला फी फी बेटावर न्यायला कुणाची हरकत नाही.

शेतकऱ्यानंही जावं की परदेशी, अशी सरकारची योजना आहेच. अभ्यास दौरा. निम्मा खर्च सरकारचा, बरीच वर्षं त्याला लाखाची मर्यादा होती. ज्यांची नावं यादीत लागतात त्यांचे चेहरे तुम्हाला पाठ असतील, सोसायटीच्या निवडणुकीच्या बॅनरवर तेच असतात. इस्राएलला जाऊन ठिबक बघून येतात. घरची ठिबक उंदरानं कुरतडलेली असते. पण त्यांच्यावर आणखी एक सदर लिहिता येईल, ते एकाच रकान्यात उरकायचं पाप नको.

अण्णांना मी हे सगळं तोंडावर सांगितलं. माणूस दिलदार, रागावले नाहीत. म्हणाले, "आम्ही न्हाई उचलला तर शेजारचा उचलंल. मार्जिन काय राहिलंय ह्यात? उधारी वर्षभर अडकून. बेदाणा विकला तर पैसं, न्हाईतर म्होरल्या साली. आम्हाला त्ये एक थायलंडच बगा सुटतंय."

खोटं नाही बोलले. उधारीवर जग चालतं तासगावात. दुकानदार कंपनीला बांधलेला, बागायतदार दुकानदाराला, बेदाणा कोल्ड स्टोअरेजला आणि कोल्ड स्टोअरेजची पावती बँकेला. उधारीनं माल घेणाऱ्याला "हेच का?" असं विचारायची सोय राहत नाही. भाव विचारणाऱ्याला उधारी मिळत नाही आणि उधारी घेणाऱ्याला भाव. थायलंडची बोट नेमकी ह्याच पाण्यावर चालते. गुडघाभर असलं तरी तिला पुरतं.

पण पान दाखवायला आणखीही जागा आहेत. कृषी विज्ञान केंद्र आहे, पुण्याजवळ मांजरीला केंद्राचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, द्राक्ष बागायतदार संघ आहे. त्यांच्या शिफारशींत औषधाचं नाव, प्रमाण, काढणीआधी किती दिवस मारायचं नाही हे सगळं छापलेलं असतं. तिथं टायगर बाम मिळत नाही, हे कबूल. पण त्यांना पेट्यांचं टार्गेटही नसतं.

तेव्हा ह्या ऑक्टोबर छाटणीला दुकानात गेलात की बाटली हातात घ्यायच्या आधी एवढंच विचारा: हे बागेला लागतंय की बेटाला? रोगाचं नाव, औषधाचं नाव आणि एकरी प्रमाण कागदावर लिहून मागा. उधारी असली तरी पक्कं बिल मागा, कच्च्या चिठ्ठीवर माल उचलू नका. आणि ते कपाटातलं धूळ खात पडलेलं किट तुमच्या गड्यासाठी आधी बाहेर काढायला लावा.